निष्ठा आणि न्याय

वाद्यवृंदातील प्रमुख गायक जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो, तेव्हा जुन्या रसिकांपुढे धर्मसंकट उभे राहते. नव्याला दाद द्यावी तर गेलेल्याशी प्रतारणा. न द्यावी तर नव्यावर अन्याय.

ऑस्ट्रेलियातील ‘एसी/डीसी’ या रॉक संगीताच्या वृंदाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये त्याचा गायक बॉन स्कॉट लंडन येथे अकस्मात निवर्तला. त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सन या नव्या गायकाची ‘बॅक इन ब्लॅक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे वेष्टन शोकचिन्ह म्हणून काळे होते. आरंभी घंटेचे टोल होते. जगात सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते.

तथापि खपाने नीतीचा प्रश्न सुटत नाही. स्कॉटच खरा, असे मानणाऱ्यांच्या प्रेमास आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु १९७३ साली स्थापन झालेल्या या वृंदात स्कॉट स्वतःच १९७४ मध्ये डेव्ह इव्हान्सच्या जागी आला होता. ज्याला आपण मूळचा समजतो, तोही कधीकाळी नवाच असतो.

जीर्णोद्धारात चिरे बदलले म्हणून देवस्थान परके होत नाही. मात्र केवळ जुन्या नावावर ते जागृतही राहत नाही. नव्या गायकाने पूर्वसूरीची नक्कल न करता, त्याचे ऋण मानून, स्वतःच्या कंठाने गावे. रसिकाने आधी ऐकावे, मग निवाडा करावा. न ऐकता दिलेल्या नकाराने मृताचा मान वाढत नाही. जिवंताचा हक्क मात्र बुडतो.