डोंगरापलीकडचा पाऊस

हवामानावर परिणाम करणारे घटक शालेय भूगोलात ओळीने मांडलेले असतात: अक्षांश, उंची, समुद्रापासूनचे अंतर, वारे, पर्वत. पाच गुणांचा हमखास प्रश्न. सातारा जिल्ह्यात मात्र या यादीतल्या पहिल्याच घटकाचे काही चालत नाही. महाबळेश्वर, वाई आणि माण जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. तरी महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि माणमध्ये तो जेमतेम ५०० च्या घरात.

कारण सगळ्यांना पाठ आहे. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या उभ्या कड्याला भिडतो, वर चढताना थंड होतो, बाष्पाचे पाणी होते. माथा ओलांडून खाली उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी होत जाते. जुलैत माणच्या आभाळात ढग नसतात असे नाही. ते असतात, आणि वाराही भन्नाट असतो. ढग नुसते पुढे सरकत राहतात, एवढेच.

इथवर येऊन आपण सगळा दोष डोंगराला देतो, आणि ते मला पटत नाही. डोंगराची आडकाठी नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुरती. सप्टेंबरात तो वारा मंदावतो, दुपारी जमीन तापते, गडगडाटी ढग जागच्या जागी उभे राहतात. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टेही कधी कधी इथवर पोहोचतात. या पावसाला सह्याद्री ओलांडावाच लागत नाही. म्हणून तर माण-सोलापूरकडे भरवशाचा महिना जुलै नव्हे, सप्टेंबर. उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर तिथे रब्बीची ज्वारी उभी राहते, आणि जिथे काळी जमीन खोल आहे तिथे ती त्या ओलीवर हिवाळाही काढते. हे शेतकऱ्याला ठाऊक होते. पुस्तकातल्या आकृतीत मात्र वाऱ्याचा बाण वर्षभर एकाच दिशेने जातो.

दुसरी गोष्ट उताराची. सह्याद्री पश्चिमेला तुटलेला, पूर्वेला हळूहळू उतरत जाणारा. त्यामुळे माथ्यावर कोसळलेले बरेचसे पाणी कृष्णा-भीमेतून पूर्वेकडेच निघते. ढगांना जे जमले नाही, ते नद्या करतात. कोयनेचे पाणी मात्र आपण वीज काढून पश्चिमेला सोडतो. ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. वीज हवीच होती, हे मान्य. पण मग त्याच जिल्ह्यात जिहे-कठापूरसारख्या योजनेतून कृष्णेचे पाणी पंपाने माण-खटावकडे चढवावे लागते, आणि टंचाईचे खापर आपण फक्त निसर्गावर फोडतो.

ढगांचे काम नद्या करतात, याचे सोलापूर हे टोकाचे उदाहरण. पाऊस माणपेक्षा फार जास्त नाही, तरी जिल्हा उसाने भरलेला. ज्या उजनीवर हे सारे चालते, ती भरते मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. त्यामुळे पावसाळ्यात सोलापूरकर एकमेकांना विचारतात ते पाऊस किती झाला हे नव्हे, धरण किती टक्के झाले ते.