अळवावरचं पाणी, कमळावरचं पाणी

सदाशिव पेठेत वाडा पाडून इमारत उभी राहिली की मागे दोन भिंतींमधला एक बोळ उरतो. ऊन तिथे तासभर डोकावतं, फरशीवर शेवाळ धरतं. अशा जागी घमेल्यात पाणी भरून कमळ लावायची हौस पुष्कळांना येते. कमळ मात्र रोज सहा तास तरी स्वच्छ ऊन मागतं. सावलीत पानं येतात, फूल काही येत नाही.

मग लावायचं काय? वेखंड, ब्राह्मी, सोनटक्का, नेचे हे ओल्या सावलीत बरे जगतात. केवड्याला गणपतीच्या एकवीस पत्रींत जागा आहे. शंकराला तो चालत नाही, कारण पुराणकथेप्रमाणे त्याने ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली. त्याचा पसारा आणि काटे पाहता बोळालाही तो चालणार नाही. खरा मान अळूचा. मोरीचं पाणी परसात जिथे मुरतं तिथे अळू, ही जुनी रीतच होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने या पेठांतल्या हौदांत आलं. सांडपाण्याची ओल तेव्हापासून इथल्या ओळखीची.

पण देवाधर्मात कमळाला सिंहासन आणि अळूला फदफदं, असं का?

गीतेच्या पाचव्या अध्यायात निष्काम कर्म करणाऱ्याला कमळाच्या पानाची उपमा दिली आहे: पाण्यात राहून न भिजणारं पान. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘मोहमुद्गरा’त तेच पान आणि तेच पाणी येतं, पण सांगणं निराळं. तिथे नजर थेंबावर आहे. आयुष्य त्याच्यासारखं चंचल, आता आहे आणि आता नाही. म्हणजे पानाकडे पाहिलं तर अलिप्तता, थेंबाकडे पाहिलं तर क्षणभंगुरता. मराठीने यातला थेंब उचलला आणि तो कमळावरून अळवावर ठेवला. ‘अळवावरचं पाणी’ म्हणताना पानाचा गुण कुणी आठवत नाही.

तो गुण दोघांत सारखाच आहे. बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी 1997 साली ‘प्लांटा’ या नियतकालिकात तो उलगडला. शोधनिबंधाच्या शीर्षकात मान पवित्र कमळाला, पण तपासलेल्या पानांत अळूचंही होतं. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण. थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही. तो घरंगळतो आणि जाताना धूळ, बुरशीचे बीजाणू घेऊन जातो.

इथे वेदान्त्याची थोडी अडचण होते. पानाची ही अलिप्तता साधनेने आलेली नाही, ती उपजत आहे. ती निरपेक्षही नाही, बुरशीपासून वाचायची सोय आहे. पान जून झालं, मेण झिजलं, की पाणी त्याला चिकटू लागतं. उपमा मोडली असं नाही. पण संसारी माणसाला कमळापेक्षा अळू जवळचं वाटायला हरकत नाही: सूर्य मिळाला नाही, तळं मिळालं नाही, भांड्याधुण्याच्या पाण्यावर वाढलं, तरी पान कोरडं. वर ते पानच देऊन टाकायचं. गीतेच्याच नवव्या अध्यायात भक्ताने वाहायच्या वस्तूंत पान फुलाच्याही आधी येतं.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगर न लागलेल्या परसातलं अळू त्या दिवशीच्या भाजीत हवंच. घमेल्यात माती-वाळू घाला, शेणखत बेताने. पाणी साचत असेल तर गप्पी मासे सोडा, नाहीतर डास होतील. काळ्या देठाचं अळू वडीला, हिरव्या देठाचं भाजीला. कंद जूनच्या सुरुवातीला लावला तर ऋषिपंचमीपर्यंत भाजीपुरती पानं निघतात. चिंच मात्र विसरू नका, घसा खवखवतो.