आधी उतार, मग चढ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या परिवारातल्या कितीतरी घरांतली मुलं-नातवंडं आज अमेरिकेत आहेत. सुट्टी लागली की ती ॲरिझोना राज्यातली ग्रँड कॅन्यन ही दरी बघायला जातात आणि घरच्या ग्रुपवर फोटो येतात. काहीजण काठावरून बघून परततात, काहीजण पाठीवर सामान घेऊन मुक्कामाच्या तयारीने खाली उतरतात, आणि काही तरुण तर ती दरी धावत पार करतात. या वाळवंटी दरीत साधकाने शिकण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून आजचं चिंतन तिच्यावर.

आपल्याकडे तीर्थं बहुधा उंचावर असतात. गिरनारच्या सुमारे 10 हजार पायऱ्या चढून आपण दत्तप्रभूंच्या पादुकांपाशी पोहोचतो. तिथे कष्ट आधी असतात. दम लागला की माणूस पायरीवर बसतो, जमलं तर पुढे जातो, नाहीतर माघारी फिरतो. परतीला गुडघे कुरकुरतात, पण उतार असतो.

ग्रँड कॅन्यनमध्ये हा हिशोब उलटा आहे. गाडी थेट काठावर, 2,100 मीटरहून अधिक उंचीवर नेऊन सोडते. पहाटेची थंड हवा, ताजे पाय आणि समोर नुसता उतार. साउथ कायबाब नावाच्या वाटेने सुमारे 11 किलोमीटर चाललं की माणूस जवळजवळ दीड किलोमीटर खोल उतरून कोलोरॅडो नदीपाशी येतो. या वाटेवर पिण्याचं पाणी कुठेच नाही. सावलीही फारशी नाही. उतरताना ते जाणवत नाही. उन्हाळ्यात तळाशी पारा 40 अंशांच्या वर जातो, काठापेक्षा दहाएक अंश जास्त. म्हणजे पाय थकलेले, पाणी संपत आलेलं, ऊन डोक्यावर, आणि खरा चढ तेव्हा सुरू होतो.

तिथले रेंजर, म्हणजे उद्यानाचे राखणदार, कळकळीने सांगतात की चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. एकाच दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायला बघू नका. उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 4 चालू नका. पाट्यांवरही बजावलेलं असतं की खाली जाणं तुमच्या मर्जीवर आहे, वर येणं मात्र भाग आहे.

मंडळी, संसारातल्या किती गोष्टींना हे लागू पडतं बघा. मोबाइलवरचा पैशांचा खेळ, बटण दाबताच मिळणारं कर्ज, मित्रांसोबतचा पहिला पेला, रागाच्या भरात सख्ख्या भावाशी धरलेला अबोला. यातलं काहीही सुरू करताना जड जात नाही. वारा पाठीवर असतो. कठोपनिषदात प्रेय आणि श्रेय असे दोन मार्ग सांगितले आहेत, गोड वाटणारा आणि हिताचा. प्रेयाची वाट आधी उताराची असते. आपण किती खाली आलो, हे परत फिरल्यावरच कळतं.

आणि फसतात ते कोण? फक्त म्हातारे, आजारी? नाही. या दरीत उष्माघाताने कोसळणाऱ्यांत धडधाकट तरुणही असतात. ताकद असते, म्हणूनच ते जास्त खोल उतरतात. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये जिम वॉल्म्स्ली या धावपटूने एका काठावरून दुसऱ्या काठावर आणि पुन्हा परत, असं सुमारे 68 किलोमीटर अंतर 5 तास 55 मिनिटांत कापलं. कौतुकाचीच गोष्ट. पण तो जगातल्या उत्तम डोंगरी धावपटूंपैकी एक, आणि धावला तो ऑक्टोबरात, जूनच्या उन्हात नाही. त्याचा विक्रम वाचून आपण बूट बांधू नयेत. शेजाऱ्याने कर्ज काढून धंदा वाढवला, म्हणून आपणही काढावं, हे तसंच आहे.

1997 पासून तिथे एक सुंदर सेवा चालते. संकट आल्यावर धावण्याआधी ते टाळावं, म्हणून रेंजर आणि स्वयंसेवक उन्हाळ्यात वाटेच्या वरच्या भागातच उभे असतात. येणाऱ्याला विचारतात, कुठवर जाणार? पाणी किती आहे? खायला काय आहे? ते कोणाला अडवत नाहीत, दरडावतही नाहीत. त्या प्रश्नांनीच पुष्कळजण भानावर येतात आणि बेत बदलतात. सद्गुरूंचं काम दुसरं काय असतं? ते आपल्या वाटेवर उभे राहून विचारतात, बाळा, कुठवर जाणार आहेस? परतीची शिदोरी आहे का? नित्य उपासनेला बसतो तेव्हा हाच प्रश्न आपल्याला ऐकू यावा.

पण आपल्या घरातला कोणी आधीच तळाशी गेला असेल तर? तिथली एक गोष्ट लक्षात ठेवावी. घामातून पाण्यासोबत मीठही जातं. थकलेल्याने नुसतं पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ धोक्याइतकं कमी होतं, चक्कर येते, भ्रम होतो. म्हणून जाणकार त्याला सावलीत बसवतात, कपडे ओले करतात, पाण्यासोबत खारट खायला देतात आणि ऊन उतरल्यावर त्याच्या चालीने वर आणतात. आपण घरी काय करतो? काठावर उभे राहून ओरडतो, "सांगितलं होतं ना!" उपदेश म्हणजे नुसतं पाणी. त्यासोबत मायेचं मीठ हवं. कर्जात बुडालेल्या मुलाला आधी जेवायला वाढा. मग शेजारी बसून खरा आकडा कागदावर लिहून घ्या, आणि एकेक वळण त्याच्यासोबत चढा. तो जीव नकोसा झाल्याची भाषा करत असेल, तर क्षणभरही एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. त्यात लाज नाही.

आणखी एक सांगतो. 19 व्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने या दरीतल्या शिखरांना विष्णू, शिव अशी नावं दिली. तिच्या तळाशी, नदीलगतच्या काळ्या घळीत, अतिशय जुना खडक उघडा पडला आहे. सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यालाही विष्णूचंच नाव आहे, विष्णू शिस्ट. नाव माणसांनी दिलेलं, पण आपण त्यातून खूण घ्यावी. जो सर्वांत खाली गेला आहे, त्याच्या पायाखालीही विष्णूच आहे. देवाच्या राज्याबाहेर कोणी पडत नाही.

या आठवड्याचा नेम एवढाच. रात्रीच्या आरतीनंतर घरातल्या सर्वांनी दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून बसावं आणि एकमेकांना मायेने विचारावं, कुठवर आलास, थकलास का? उत्तर काहीही आलं तरी त्या रात्री रागवायचं नाही.

परतीच्या चढाला सद्गुरू सर्वांना बळ देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥