‘नाही’चे दोन अर्थ

दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत दिघोरीला घरी गेलो होतो. भंडारा जिल्ह्यातला हा सगळा धानाचा पट्टा. दिवसा कापणी, रात्री कुठल्या ना कुठल्या गावात दंडार. आणि मी घरातला एकटा सॉफ्टवेअर इंजिनीअर, त्यामुळे सगळ्यांचे बिघडलेले मोबाइल माझ्यापुढे.

मोठ्या आईचा फोन आधी मोठ्या बाबांचा होता. ते दंडारीत गायचे. त्यांची गाणी मी कधीतरी माझ्या लॅपटॉपवर घेऊन ठेवली होती. या वेळी फोन जोडला, तर लॅपटॉपवर ३४ रेकॉर्डिंग आणि फोनवर २८. सिंक गंडलंय, असं मी ठरवून टाकलं. केबल बदलली, परवानग्या पाहिल्या, मेमरी कार्ड तपासलं. दोष सापडेना. शेवटी लॅपटॉपची लायब्ररी मुख्य धरून सहाही गाणी फोनवर परत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर गाणी चालू होती आणि मध्येच मोठ्या बाबांचा आवाज आला. मोठ्या आईने हातातलं सूप खाली ठेवलं. “कायले आनलास रे बाबू वापस?” एवढंच म्हणाली. ती सहा गाणी तिनेच काढायला लावली होती. ते गेले त्या वर्षीची होती ती.

सिंकमधली खरी अडचण हीच आहे. दोन याद्या शेजारी ठेवल्या तर एवढंच कळतं की गाणं इथे आहे आणि तिथे नाही. ते इथे नव्याने आलं की तिथून कुणी काढलं, हे त्या दोन याद्या कितीही वेळा ताडून पाहिल्या तरी कळत नाही. त्यासाठी तिसरी यादी लागते : मागच्या वेळी काय होतं त्याची. कॅसँड्रासारख्या डेटाबेसमध्ये काढलेल्या नोंदीच्या जागी एक खूण ठेवतात. तिला टूमस्टोन म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा दगड. ती खूण वेळेआधी पुसली गेली, तर काढलेली नोंद दुसऱ्या प्रतीतून पुन्हा उगवते.

आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले. त्यातले दोन इथे कामाचे आहेत. घडा घडण्याआधी नसतो, तो प्रागभाव; घडा फुटल्यावर नसतो, तो प्रध्वंसाभाव. समोर दिसते ती दोन्ही वेळा रिकामी जागाच. मी तिचा पहिला अर्थ लावला, कारण दुसरा मला सुचलाच नाही. आणि ज्या माणसाला तिसरी यादी तोंडपाठ होती, ते माणूस शेजारच्या खोलीत धान पाखडत होतं. मी विचारलं नाही.

माझी बाजूही अगदीच लंगडी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ते झालं नसतं तर त्यातल्या कितीतरी गेल्या असत्या. म्हणून जपणं चांगलंच, असं मी मानत आलो. अजूनही मानतो. पण एखादी गोष्ट जपणं आणि ती कुणाच्या तरी कानावर आणून घालणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. सिंकच्या बटणात ते एक होतात. माझ्या डोक्यातही झाले होते.

तिच्या फोनवरून ती सहा गाणी मी लगेच काढली. लॅपटॉपवर मात्र ती अजून आहेत. ती ठेवू का, हे मोठ्या आईला विचारलेलं नाही. ‘काढून टाक’ म्हणाली, तर काढावी लागतील, ही भीती आहे. ती काही बोलली नाही म्हणजे तिची हरकत नाही, असं धरून चाललोय.

म्हणजे पुन्हा तेच. रिकाम्या जागेचा मला सोयीचा अर्थ.

रविवारी फोन करणार आहे. ‘नको’ म्हणाली तर काय करायचं, ते मात्र फोन करण्याआधीच ठरवायला हवं. नाहीतर त्या विचारण्याला काही अर्थ नाही.