निगेटिव्ह : साक्षीदार आणि जबानी

अंकीय कॅमेरा सर्वत्र उपलब्ध असताना फिल्मवर चित्रण करण्याला काही नैतिक मूल्य उरते का, हा प्रश्न बहुधा अभिरुचीच्या पातळीवरच मिटवला जातो. फिल्मच्या कणीदार पोताची ओढ ही मात्र सवय होय, मूल्य नव्हे. आंद्रे बाझँ यांनी १९४५ मध्ये मांडलेली भूमिका अधिक गंभीर आहे : छायाचित्र वस्तूवरून आलेल्या प्रकाशातून घडते, म्हणून वस्तूच्या अस्तित्वाचा अंश त्यात उतरतो. परंतु तोच प्रकाश अंकीय संवेदकावरही पडतो. भेद आहे तो पुढच्या पायरीवर. फिल्मवरील रजत-लवणांत प्रकाशाने घडवलेला बदल रासायनिक प्रक्रियेनंतर त्याच पट्टीवर टिकतो. संवेदक प्रत्येक चौकटीनंतर रिकामा होतो आणि संख्यारूप नोंद तेवढी उरते. पहिल्या बाबतीत साक्षीदार उरतो, दुसऱ्या बाबतीत त्याची जबानी.

साक्षीदार उरण्याला एवढे महत्त्व का द्यावे, हे चौलच्या एका उदाहरणावरून तपासता येते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरला. मायदेशी परतताना वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हातची टिपणे आज नाहीत. मजकूर वाचला तो रशियन इतिवृत्तांतील नकलांमुळे. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांचा ‘परदेसी’ (१९५७) त्याच प्रवासावर आधारलेला आहे. म्हणजे टिकण्यासाठी नक्कल पुरते. उलट चौल-रेवदंड्यासारख्या किनाऱ्यावरील दमट उष्ण हवेत अ‍ॅसिटेट फिल्म आंबते, आकसते, तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. टिकाऊपणाच्या कसोटीवर फिल्मचा दावा लंगडाच ठरतो.

तथापि नकलांनी मजकूर वाचवला, तरी नकलाकाराचा हात ओळखण्याचे साधन मागे ठेवले नाही. पाठभेद आढळला की अभ्यासकाने एक नक्कल दुसरीशी ताडून पाहावी. मूळ पानावरील खाडाखोड त्याला कधीच दिसणार नाही. अंकीय प्रतिमेची ही अवस्था जन्मापासूनच असते. तिची मूळ प्रत आणि नक्कल तंतोतंत एक असल्याने आधीची कोणती, हे प्रतिमेच्या देहावरून ठरत नाही. त्यासाठी बाहेरच्या नोंदींवर विसंबावे लागते. फिल्मही खोटे बोलते : चौकटीच्या निवडीतून, संकलनातून. पण तिच्या बाबतीत उलटतपासणीसाठी एक वस्तू शिल्लक असते.

फिल्मचे मूल्य म्हणूनच सत्याच्या हमीत नाही. पुढच्या वाचकाच्या अविश्वासाला जागा ठेवण्यात आहे. ज्यांना स्वस्त अंकीय कॅमेऱ्यामुळेच प्रथम बोलता आले, त्यांच्यावर फिल्मचा आग्रह लादणे अन्यायाचे होईल. परंतु अंकीय रूपांतर झाले म्हणून जुनी निगेटिव्ह निरुपयोगी मानणे, हा निराळा अन्याय आहे. त्या रूपांतरात आजचे प्रश्न सामावलेले असतात. उद्याचे प्रश्न निगेटिव्हलाच विचारावे लागतील.