वेचलेलं आणि साठलेलं

नवी वस्तू घेताना माणूस दहादा विचार करतो, जुनी घेताना एकदाही करत नाही. साठ रुपयांचा स्वेटर, पाय डुगडुगणारी पण सागवानी खुर्ची, पितळी समई, रद्दीच्या भावातली पुस्तकं. घासाघीस करून वस्तू पिशवीत पडली की दोन समाधानं एकदम मिळतात. पैसे वाचले आणि वस्तूही वाचली, नाहीतर भंगारात गेली असती बिचारी! या ‘बिचारी’नं लातूरकडच्या चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातली कितीतरी घरं भरली आहेत. पलंगाखाली जुनं, कपाटावर जुनं, जिन्याखाली तर हात घालायची सोय नाही. पाहुणा आला की खुर्चीवरचा ढीग दुसऱ्या खुर्चीवर जातो आणि मग दुसरा पाहुणा येऊ नये, असं वाटत राहतं.

आपल्या भागात या साठवणीला कारणं आहेत, ती हसण्यावारी नेता येत नाहीत. १९७२चा दुष्काळ पाहिलेली आजी ज्या घरात होती, त्या घरात तेलाचा डबाही फेकला गेला नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात ड्रम, कॅन, पिंप, जे मिळेल ते माणसांनी घरात आणलं. नवं की जुनं, हे बघायला कोणाला सवड होती? पुढं पाऊस झाला, पण ड्रम गच्चीवरच राहिले. ‘लागतंय की कधीतरी’ हे आपल्याकडचं वाक्य आळसातून आलेलं नाही, टंचाईतून आलं आहे. घर आवरायला शिकवणाऱ्या जपानच्या मारी कोंडो सांगतात, वस्तू हातात घ्या, मनाला आनंद वाटला तरच ठेवा. जुन्या बाजाराच्या शौकिनाला हा सल्ला देऊन बघा. त्याला प्रत्येक वस्तूनं आनंद होतो, रोग तर तोच आहे!

पण आजीची साठवण आणि आपली साठवण एका मापानं मोजू नये. तिच्याकडच्या वस्तूला पुढचं काम ठरलेलं असायचं. लुगडं विरलं की वाकळीत जायचं, वाकळ फाटली की तिचं पोतेरं व्हायचं, पोतेऱ्याची शेवटी मातीच व्हायची. पानिपतच्या कारखान्यांत परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं, त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं होतात आणि आपत्तीच्या वेळी ती माणसांच्या अंगावर पडतात. म्हणजे तिथंही वस्तू पुढं सरकते. आपल्या माळ्यावर आली की ती थांबते. भंगारात गेली असती तर निदान वितळून दुसरं काही झाली असती. आपण तिला वाचवतो म्हणजे नेमकं काय करतो?

इथं मला आयदक्की लक्कम्मा आठवतात. लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथं बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपं होतं. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्यावर घर चालवायचं आणि त्यातूनच दासोह करायचा, म्हणजे इतरांना जेवू घालायचं, हे त्यांचं कायक, पूजा मानून केलेलं काम. एक दिवस मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत. रोजच्या गरजेपेक्षा हे जास्त आहेत, जिथून आणले तिथं टाकून या, म्हणून त्यांनी नवऱ्याला परत पाठवलं.

या कथेतला बारकावा असा की, ते तांदूळ चोरीचे नव्हते, कोणाच्या तोंडचेही काढलेले नव्हते. नुसते सांडलेले, पायाखाली जाणारे. आजच्या हिशेबानं मारय्यांनी वाया जाणारं वाचवलं होतं, त्यांची पाठच थोपटायला हवी होती. लक्कम्मांनी मात्र किती लागतं एवढंच पाहिलं. फुकट मिळालं म्हणून हाव वेगळी होत नाही, हे त्यांना दिसलं. आपली फसगत तिथंच होते. महागडी वस्तू घेतली तर मन टोचतं. शंभर रुपयांच्या पाच जुन्या वस्तू घेतल्या तर उलट साधेपणाचा अभिमान वाटतो.

शिवाय सांडलेलं वेचणारे आपण एकटे नसतो. थंडीच्या तोंडावर आठवडी बाजारात ताडपत्रीवर जुन्या गरम कपड्यांचा ढीग पडतो, तिथं जरा उभं राहावं. ऊसतोडीला निघालेली बाई स्वेटर उचलते, बाही ताणते, काखेतली शिवण आतून उलटी करून बघते, चेन दोनदा वरखाली करते, मग पोराच्या पाठीला लावून मापते. तिच्या शेजारी पक्क्या घरातला एखादा शौकीन वाकलेला असतो. घरी तीन जाकिटं आहेत, पण हे ‘ब्रँडेड’ एवढ्यात मिळतंय म्हणून चौथं. दोघांचा हात एकाच ढिगात आहे. शौकीन वाढले की विकणाऱ्यालाही कळतं आणि पुढच्या बाजाराला भाव वाढतो. त्यात विकणाऱ्याचा दोष काय?

कोणी म्हणेल, पुण्याच्या दिनकर केळकरांनीही जुन्या वस्तूच गोळा केल्या. केल्या, वीस हजारांहून अधिक. पण दिवे, अडकित्ते, वाद्यं जमवून त्यांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं आणि सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. जागेअभावी त्यातल्याही थोड्याच वस्तू मांडता येतात. आपल्या समईसाठी कोण तिकीट काढणार आहे?

आता जास्तीचं परत कसं टाकायचं, हा प्रश्न उरतो. दिवाळीच्या सफाईत आपण सोपी वाट काढतो. कामवाल्या मावशींच्या हातात गाठोडं देतो, ‘घेऊन जा, चांगलं आहे’ म्हणतो. त्यांना नाही म्हणता येत नाही. आपल्या घरातली अडगळ त्यांच्या दोन खोल्यांत जाते, वर उपकारही. त्यापेक्षा तो साठ रुपयांचा स्वेटर पुन्हा बाजारातल्या ढिगात जाऊ द्यावा, विकणाऱ्याला मिळेल त्या भावात. तिथं येणारी बाई त्याची शिवण उलटी करून बघेल, भाव पाडून मागेल आणि नाहीच पटला तर परत ढिगात फेकून दुसरा उचलेल.