ताण

सांगोला तालुक्यातली एक डाळिंबाची बाग. कार्तिक सरत आलेला. आंबे बहार धरायचा म्हणून आबांनी वरच्या तुकड्याचं पाणी तोडलं, त्याला बावीस दिवस झाले. जमीन मुरमाड, त्यामुळं पानं पिवळी पडून गळू लागली आहेत. खालच्या तुकड्यातल्या दोनशे झाडांनी मात्र गेल्या साली तेल्या रोग सोसला. तिथलं ठिबक अजून चालू आहे. त्यांना यंदा ताण द्यायचा, की बाग विश्रांतीला सोडायची? पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकणारी लेक सुट्टीला आली आहे. दोघं बांधावर बसली आहेत.

लेक: आबा, वरची झाडं आत्ता आवाज करत असतील.

आबा: कसला गं?

लेक: २०२३ साली तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ मायक्रोफोन लावले होते. पाणी तोडलेल्या रोपांतून तासाला ३० ते ५० वेळा टकटक यायची. पाणी मिळणारी रोपं जवळजवळ गप्प. आपल्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपलीकडचं ऐकू येत नाही, आणि हा आवाज ४० ते ८० हजारांच्या घरातला.

आबा: म्हणजे ती तहानेनं ओरडतात, आणि ओरडायला लावणारा मी.

लेक: ओरडतात, असं मला म्हणवत नाही. मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या बारीक नळ्यांत ओढ वाढली की पाण्याची धार तुटते, बुडबुडा धरतो. आवाज बहुधा त्याचा. गाडीचं चाक कुरकुरलं तर चाक रडतंय, असं आपण म्हणतो का?

आबा: चाक स्वतःला वंगण घालून घेत नाही, बाळ. झाड घेतं. पाणी तुटलं की पानं टाकून देतं, खर्च कमी करतं.

लेक: ते खरं आहे. माती सुकली की झाडात ॲबसिसिक आम्ल वाढतं. मग पानांवरची रंध्रं मिटतात, शेंडा थांबतो, काडीत अन्न साठतं. पुढं पाणी सोडलं की त्याच साठ्यावर कळी निघते.

आबा: माझे वडील म्हणायचे, झाडाला वाटतं आता आपण जातो, म्हणून ते मागं फळ ठेवू बघतं.

लेक: त्यातला 'वाटतं' हा शब्दच मला अडतो. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागं येतो, कळ नंतर जाणवते. हात ओढायचा हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो, मेंदूला कळायची तो वाट बघत नाही. म्हणजे न जाणवता दिलेलं उत्तर आपल्याच अंगात आहे. झाडाला तर ना मज्जातंतू, ना मेंदू. लाजाळू मिटते ती पानाच्या सांध्यातल्या पेशींमधलं पाणी बाहेर गेल्यामुळं. त्याला लाज हे नाव आपण दिलं.

आबा: महाभारतात, शांतिपर्वात, भरद्वाजांनी भृगूंना असंच विचारलंय. झाडं ऐकत नाहीत, बघत नाहीत, मग त्यांना आपल्यासारखं कसं म्हणायचं? भृगू म्हणाले, उन्हानं पान कोमेजतं, गडगडाटानं फळ गळतं, वेल वाट काढत आधाराला जाते. तोडलेलं झाड पुन्हा फुटतं. त्यांनाही सुखदुःख आहे, जीव आहे.

लेक: भृगूंनी बघितला तो प्रतिसाद, आबा. त्यावरून त्यांनी दुःख मानलं. मधली पायरी कुणालाच दिसलेली नाही.

आबा: मग बोलता न येणाऱ्याचं तुम्ही कसं ठरवता? तान्ह्या बाळाचं?

(लेक थोडा वेळ बोलत नाही.)

लेक: तिथं शास्त्र चुकलंय. १९८०च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी तान्ह्या बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. त्यांचं रडणं, अंग आखडणं ही नुसती प्रतिक्रिया आहे, असं डॉक्टर मानत. मी आत्ता झाडाबद्दल जे म्हणाले, तेच.

आबा: बघ.

लेक: पण मला उलटीही भीती वाटते. सगळ्यांना सारखंच दुखतं म्हटलं, तर आसूड ओढणारा म्हणेल, भाजी चिरताना तरी तुम्ही कुठं विचार करता? आपल्या खिल्लाराच्या पाठीवर माशी बसली तरी कातडं थरथरतं. त्याला मज्जातंतू आहेत, मेंदू आहे, मार आठवतो. बैलाचं दुःख आणि झाडाचा ताण एका तागडीत टाकला, तर नुकसान बैलाचंच होईल.

आबा: एका तागडीत टाकू नये. बैलाचं मला ठाऊक आहे, म्हणून मी आसूड टाकला. तिथं शंकेला जागा नाही. झाडाचं ठाऊक नाही, म्हणून हात राखून वागायचं. बाग धरायची तर ताण द्यावाच लागतो. तो न देण्याइतका मी साधू नाही.

लेक: मग हात राखायचा तो कुठवर? त्याला माप काय?

आबा: दुखतं का, हे मला झाड सांगू शकत नाही. सोसेल का, हे सांगतं. वरच्या झाडांची काडी बघ, पेन्सिलीएवढी, पिकलेली. त्यांना ताण दिला तर पाणी सोडल्यावर ती उठतील. खालची काडी हिरवी, बारीक. तिच्यात साठाच नाही. तिला तहानेला लावलं, तर ती कळी काढेल कदाचित, पण पुन्हा उभी राहणार नाही. ताण द्यायचा हक्क ज्याला उठता येईल त्याच्यापुरता. आणि देणाऱ्यानं रोज बागेत यायचं. पाणी तोडून गावाला जायचं नाही.

लेक: म्हणजे दुखण्याचा प्रश्न सुटेपर्यंत थांबायची गरज नाही.

आबा: तो सुटला तर तू मला येऊन सांग. मला वागायचंय आज.

लेक: आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता? दोनशे झाडांचं पीक जाईल.

आबा: वरच्या बागेतनं फिटेल तेवढा फेडू. उरलेल्यासाठी मी सोसायटीत जाऊन मुदत मागेन.

लेक: नाही दिली तर?

आबा: पुन्हा जाईन. मला तोंड आहे, बाळ. मला मागता येतं.

(आबा उठून खालच्या तुकड्याकडं जातात. ठिबकच्या नळीला हात लावून पाणी चालू आहे ना, ते बघतात.)